आडात आहे, पोहऱ्यात यायचं आहे

टेप ड्राइव्हच्या तोंडाशी पक्कडीचे दोन ओरखडे उमटले होते. काळ्या प्लास्टिकवर पांढरट, अगदी ताजे. ते पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. टेप, म्हणजे संगणकातल्या हिशोबाची नक्कल जिच्यावर ठेवतात ती चुंबकी फितीची डबी, आत अडकली आहे हे फोनवर कळलं होतं. ती कोणीतरी ओढून पाहिली आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

रावेर तालुक्यातल्या एका फळविक्री सहकारी संस्थेतली ही गोष्ट आहे. दहा-अकरा वर्षं झाली असतील. संस्था म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि आवारात ट्रक उभा राहील एवढा वजनकाटा. आसपासच्या दहा-बारा गावांची केळी तिथून जायची. कोणाच्या बागेची कापणी कधी झाली, घड किती निघाले, वजन किती भरलं, भाव काय लागला, उचल किती वजा केली आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात किती द्यायचे, हा सगळा हिशोब आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर होता. मी जळगावात राहून सर्व्हर दुरुस्तीची कामं करतो, तेव्हाही करायचो. संस्थेला ती सगळी यंत्रणा दुसऱ्याच कोणीतरी बसवून दिली होती. ते लोक फोन उचलेनात, म्हणून कोणाच्या तरी ओळखीने त्यांनी मला बोलावलं.

मे महिना सरत आला की आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. भिंती रात्रीही तापलेल्या असतात. त्या खोलीला एसी नव्हता, एक पंखा होता. सर्व्हरमध्ये तीन डिस्कचा रेड होता. तिघींपैकी एक गेली तरी काम अडत नाही, अशी ती रचना. ती एक त्या उन्हाळ्यात गेली. नवी बसवली की यंत्र उरलेल्या दोघींवरचं सगळं वाचून तिसरी भरून काढतं, आणि त्या तासांमध्ये त्या दोघींवर जेवढा ताण येतो तेवढा एरवी वर्षभरात येत नाही. त्या ताणात दुसरी गेली. दोन गेल्यावर उरलेल्या एकीत जे असतं ते कोणालाच वाचता येत नाही.

आणि त्याच्या दोनच दिवस आधी वादळ येऊन गेलं होतं.

शनिवारची रात्र होती. दर शनिवारी संस्थेचा पूर्ण बॅकअप टेपवर जायचा, इतर दिवशी फक्त त्या-त्या दिवशीचे बदल. त्या रात्री लिहून संपलं होतं आणि लिहिलेलं ताडून पाहायचं काम चालू होतं, तेवढ्यात वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच दमल्या होत्या, त्यांनी पाच मिनिटंही तग धरला नाही. फीत थोडी डबीबाहेर, ड्राइव्हच्या पोटात असताना ड्राइव्ह बंद पडला. रविवारी वीज आली ती कमी-जास्त दाबाने. सोमवारी डिस्कचं वर सांगितलं ते झालं.

लोखंडी कपाटात सोमवार ते शुक्रवारच्या टेपा ओळीने लावलेल्या होत्या, पण त्या नुसत्या बदलांच्या. ज्याच्यात बदल झाले ते मूळ फक्त शनिवारच्या टेपवर, आणि शनिवारसाठी टेप एकच होती. दर आठवड्याला तिच्याच आधीच्या बॅकअपवर नवा लिहिला जायचा. म्हणजे अख्ख्या संस्थेचा हिशोब त्या घडीला जगात एकाच ठिकाणी होता, पक्कडीचे ओरखडे पडलेल्या त्या दाराच्या आत.

शेडमध्ये माणसं बसलेली होती. वादळाने मृगबागा, म्हणजे मृगाच्या हंगामात लावलेल्या केळीच्या बागा, झोपवल्या होत्या. ज्यांचा माल आदल्या आठवड्यात कापून गेला होता त्यांना निदान त्या पैशांचा आधार होता, पण पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद, निघाल्याशिवाय पैसे निघणार नव्हते. कोणी आवाज चढवत नव्हतं. एक जण नुसता विचारून गेला, "आज व्हईन का भो?"

काउंटरवरचा पोरगा दाराशी उभा होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सर, मीच ओढली. बाहेर येईल असं वाटलं."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि काय-काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं. रागावण्यासारखं काही नव्हतंच. समोर दाराच्या आत वस्तू दिसते आहे, बाहेर माणसं थांबली आहेत, तर हात जाणारच. पण एवढ्या वर्षांत मी जितक्या अडकलेल्या टेपा पाहिल्या, त्यातल्या बहुतेक अडकल्यामुळे गेल्या नाहीत. अडकल्यानंतरच्या पहिल्या तासात गेल्या. बटण पुन्हापुन्हा दाबून, वीज चालू-बंद, चालू-बंद करून, चिमट्याने, सुरीच्या टोकाने. सुदैवाने त्याची पक्कड टेपेच्या डबीवरून घसरली होती. डबी हलली नव्हती.

ही टेप कॅसेटसारखी नसते, हे इथे सांगायला हवं. गाण्याच्या कॅसेटला दोन चाकं असतात आणि फीत कायम डबीच्या आतच राहते. एलटीओ, म्हणजे बॅकअपसाठी वापरतात त्या जातीच्या टेपेच्या डबीत चाक एकच असतं. दुसरं चाक ड्राइव्हच्या पोटात असतं. डबी आत गेली की ड्राइव्ह फितीच्या टोकाला असलेली पोलादाची बारीक पिन पकडतो, ती ओढत-ओढत हेडवरून, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या डोक्यावरून, स्वतःच्या चाकापर्यंत नेतो आणि मग फीत गुंडाळायला लागतो. म्हणून काम अर्ध्यावर असताना डबी ओढली, तर ती फीत डबी आणि ड्राइव्ह या दोघांच्या मधोमध ताणली जाते. डबी बाहेर यायची असेल तर आधी सगळी फीत आली त्या वाटेने आत परत गेली पाहिजे, पिन आपल्या खोबणीत बसली पाहिजे. त्याला दुसरा रस्ता नाही.

आधी न उघडता जे करता येतं ते केलं. बॅकअपचं सॉफ्टवेअर टेपवर स्वतःचं कुलूप घालून ठेवतं, काम चालू असताना चुकून कोणी ती बाहेर काढू नये म्हणून. कित्येकदा टेप अडकलेली नसतेच, हे कुलूप तेवढं राहून गेलेलं असतं. सेवा बंद केली, कुलूप सोडवलं, टेप मागे गुंडाळून बाहेर टाकण्याचा हुकूम दिला. ड्राइव्हने उत्तरात यंत्रदोष दाखवला. मग ड्राइव्ह बंद केला, डेटाची केबल काढली, थोडा वेळ जाऊ दिला आणि नुसत्या विजेवर चालू केला. असं केलं की तो जागा होताना आपणहून टेप मागे घ्यायचा प्रयत्न करतो. त्याला कधीकधी दहा मिनिटंही लागतात, आणि ती दहा मिनिटं हात मांडीखाली दाबून बसावं लागतं. मी घड्याळ लावून बसलो. आतून कुर्र असा आवाज यायचा, टक व्हायचं, थांबायचं. पुन्हा कुर्र, पुन्हा टक. नारिंगी दिवा लुकलुकत राहिला. इजेक्टचं बटण एकदाच, बराच वेळ दाबून धरलं आणि पुन्हा दहा मिनिटं थांबलो. काही नाही.

चेअरमनना बाहेर नेऊन सरळ सांगितलं. मुंबई-पुण्याला डेटा परत मिळवून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे धूळ नसलेल्या खोल्या असतात, सुटे भाग असतात. पाठवलं तर वेळ लागेल, पैसे लागतील, पण ते काम माझ्यापेक्षा चांगलं करतील. दुसरा मार्ग म्हणजे मी झाकण उघडून फक्त बघतो. फीत तुटलेली किंवा गुंतलेली दिसली तर हात न लावता झाकण परत लावीन आणि आपण पाठवू. धड दिसली तरच पुढे जाईन. ते बराच वेळ शेडकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बघा उघडून. पण घाई करू नका."

जुने कारकून आप्पा माझ्या मदतीला आले. वय साठीच्या पुढचं, संस्था पत्र्याच्या खोपटात होती तेव्हापासूनचे. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, टेबल ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं आणि वर कोरे कागद अंथरले. फडकं अंथरलं असतं तर त्याचे तंतू आत गेले असते. माझा नेहमीचा स्क्रूड्रायव्हर टोकाला चुंबक असलेला होता, तो पिशवीतच ठेवला. चुंबकाने लिहिलेल्या वस्तूजवळ चुंबक नको. आप्पांनी स्टीलची वाटी आणली. निघालेला प्रत्येक स्क्रू तीत टाकताना ते मोठ्याने आकडा म्हणत होते.

झाकण निघालं.

फीत धड होती. डबीच्या तोंडातून बाहेर येऊन, छोट्या-छोट्या रुळांवरून वळून, हेडला टेकून, पलीकडच्या चाकावर गेलेली. गडद तपकिरी, जवळजवळ काळी, आणि मोबाइलच्या उजेडात तिच्यावर तेलासारखी चमक. रुंदी अर्धा इंच. जाडी ६.६ मायक्रॉन, म्हणजे साधारण आपल्या केसाचा दहावा हिस्सा. आप्पा श्वास रोखून बघत होते. म्हणाले, "ह्यात आपलं सगळं आहे?"

सगळं होतं. एलटीओ-४ ची, म्हणजे चौथ्या पिढीची टेप ८२० मीटर लांब असते आणि तिच्यात ८०० जीबी मावतात. तिच्यावर लिहिलं कसं जातं हे मी आप्पांना शेतातल्या भाषेत सांगितलं, आणि मला अजूनही ते त्याहून नीट सांगता येत नाही. बैल एका बांधापासून तास, म्हणजे नांगराची सरी, धरून निघतात, पलीकडच्या बांधाला पोचले की वळतात आणि शेजारचा तास धरून परत येतात. टेपवर हेड तेच करतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून उलट, पुन्हा पुढे, असे ५६ तास. आपल्या तिफणीला तीन फण असतात, या हेडला एका वेळी चालणारे सोळा आहेत. प्रत्येक तासात सोळा रेघा पडतात. छप्पन्न गुणिले सोळा, म्हणजे ८९६ रेघा, अर्ध्या इंचाच्या पट्टीत. थोडं खराब झालं तर भरून काढण्याची गणिती सोय त्या लिखाणातच असते. पण फितीला आडवी घडी पडली, तर ती एका रेघेला पडत नाही, त्या जागी सगळ्याच रेघांवरून जाते. बांधाला बांध लावून पूर आडवा गेला तर कोणता तास वाचणार?

आप्पा म्हणाले, "मग वढायचंच नाही."

"ओढायचंच नाही, आप्पा. परत गुंडाळायची."

पलीकडच्या चाकावर फितीचा थर चार-साडेचार मिलिमीटर दिसत होता. जाडीवरून हिशोब केला तर शंभर मीटरच्या आसपास फीत बाहेर होती. त्या ड्राइव्हला तळाकडून एक छोटं भोक असतं. तिथून अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी दांड्याची चावी, घातली की डबीतलं चाक हाताने फिरवता येतं. भरलेल्या चाकाच्या एका फेऱ्यात पाऊण हात फीतसुद्धा येत नाही. म्हणजे साडेतीनशे फेरे, थोडे जास्तच.

आप्पांनी वही उघडली. ट्रकमध्ये घड भरताना मोजतात तशा चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मी एक फेरा केला की ते एक रेघ मारायचे.

पहिले पन्नास फेरे फार हळू झाले. चावीच्या दांड्यातून फितीचं वजन बोटांना कळत होतं. वजन म्हणायला ते काहीच नव्हतं, पण तिकडे काहीतरी आहे आणि ते येतं आहे, एवढं समजत होतं. हे समजणं माझ्या हाताला ओळखीचं होतं. कुठून ओळखीचं, ते शंभराव्या फेऱ्याच्या सुमाराला आठवलं.

आमचं गाव अमळनेरकडचं, बोरी नदीच्या काठचं. आजीच्या घरामागे आड होता. कधी दोर तुटायचा, कधी गाठ सुटायची, आणि बादली आडात पडायची. मग शेजारून गळ आणायचा. लोखंडाची कडी आणि तिला चारी बाजूंनी लोंबणारे वाकडे आकडे, दोराला बांधून खाली सोडायचे. आळीत गळ एकच होता आणि तो घरोघर फिरायचा. आजी काठावर ओणवी होऊन दोर दोन बोटांत धरायची. बघायची नाही, आडात दिसणार काय? डोळे मिटून ती बोटांनी तळ चाचपायची. आकडा बादलीच्या कडीत गेला की तिचा चेहरा बदलायचा. आम्ही पोरं लगेच दोराला झोंबायचो. ती एका हाताने आम्हाला मागे सारायची.

"वढू नको. दम धर."

हिसका दिला की आकडा सुटतो आणि बादली आधीपेक्षा खोल गाळात रुतते, हे तिला ठाऊक होतं. दोर एकसारखा, न थांबता, न हिसडता वर घ्यायचा. आतल्या खोलीतून आजोबा आमच्या अहिराणीत विचारायचे, "उनी का?", म्हणजे आली का? आजी उत्तर द्यायची नाही. बादली काठावर टेकली की मगच म्हणायची, "उनी."

दोनशेच्या पुढे गेल्यावर काहीतरी चुकलं. चावी एकदम हलकी लागली. मी जागीच थांबलो आणि आप्पांना उजेड आत धरायला सांगितला. पलीकडचं चाक मोकळं असल्यामुळे माझ्या वेगापेक्षा पुढे पळालं होतं. मधे फीत सैल पडून एका रुळावरून अर्धी खाली उतरली होती. आणखी एक फेरा घेतला असता तर तिची कड त्या रुळाखाली दुमडली असती. मी हात बाहेर काढले, उभा राहिलो, पाणी प्यायलो. आप्पाही काही बोलले नाहीत. मग पुन्हा बसलो. चावी किंचित उलट फिरवून फीत आणखी सैल केली, आणि प्लास्टिकच्या गुळगुळीत पट्टीने कडेकडेने सारत तिला रुळावर परत घेतलं. तेवढ्या कामाला वीस मिनिटं गेली. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तो टेबलावर पडू नये म्हणून मी मान बाजूला वळवून काम करत होतो.

"आप्पा, हात धुऊन, कोरडे करून या. या पलीकडच्या चाकाच्या नुसत्या कडेला बोट टेकवून ठेवा. फितीला लागू देऊ नका. अडवायचं नाही, थोडं ओझं द्यायचं."

"कासऱ्यासारखं," आप्पा म्हणाले.

अगदी तसंच. वही त्यांनी त्या काउंटरवरच्या पोराकडे दिली. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून रेघा मारू लागला. पुढचे दीडशे फेरे आम्ही तिघांनी केले. मी ओढत होतो, आप्पा आवरत होते, पोरगा मोजत होता. बाहेर संध्याकाळ झाली, शेडमधली माणसं कमी झाली. कोणीतरी चहा आणून दाराबाहेर ठेवला तो तिथेच निवला.

तीनशे एकसष्टाव्या फेऱ्याला पलीकडचं चाक रिकामं झालं. पिन दिसली. हेडवरून, रुळांवरून ती अगदी सावकाश आली आणि डबीच्या तोंडातल्या दोन बारीक चिमट्यांमध्ये बसली. बसताना टिक असा आवाज झाला, नखावर नख वाजावं एवढाच. ती सरळ बसली आहे ना, हे दोन बाजूंनी उजेड टाकून पाहिलं. तिरकी बसली असती तर पुढच्या ड्राइव्हमध्ये तीच रड पुन्हा झाली असती. मग डबी उचलणाऱ्या मोटरीचा दातेरी दांडा बोटाने फिरवला. डबी थोडी वर आली, पुढे सरकली, आणि दाराबाहेर बोटभर आली.

"निघाली भो!" पोरगा ओरडला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी मनात म्हणालो ते अहिराणीत म्हणालो.

पुढे ड्राइव्ह दुरुस्तीला गेला तेव्हा कळलं, वीज परत आल्यावर डबीतलं चाक फिरवणारी मोटर गेली होती. म्हणूनच तो नुसता कुरकुरत होता. डबी हातात आल्यावर आणखी एक दिसलं. मूळ लेबलावर डिंकाने दुसरा कागद चिकटवलेला होता आणि उन्हाळ्याने त्याचा कोपरा वळून वर आला होता. तो आतल्या खाचेत अडकला नाही हे नशीब. लेबलावर लेबल लावू नये, एवढं तरी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टेप बाहेर आली म्हणजे डेटा आला असं होत नाही. सगळ्यात आधी डबीच्या कडेची छोटी खिटी सरकवून तिच्यावर लिहिणं बंद केलं. नव्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर एखाद्या सॉफ्टवेअरने ती रिकामी समजून लिहायला घेतली, तर सगळे फेरे पाण्यात. एलटीओ-५ चा एक ड्राइव्ह जळगावच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यात होता. सातव्या पिढीपर्यंतचे एलटीओ ड्राइव्ह स्वतःच्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचतात, म्हणून आमची चौथ्या पिढीची त्यात चालणार होती. पाचवा काय, सहावाही चालला असता. सातवा मिळाला असता तर उपयोग नव्हता. जुन्या टेपा जपून ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्या वाचणारा ड्राइव्ह जपायचं फार थोड्यांना सुचतं.

सकाळी आम्ही सावदा, फैजपूर, भुसावळ करत निघालो. आप्पा मागच्या सीटवर, मांडीवर डबी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा एकाच दिशेने पडलेल्या होत्या. घडासकट खोडं मधेच मोडून पडलेली, पानं चिंधड्या झालेली, आणि वर स्वच्छ निळं आभाळ. बऱ्याच वेळाने आप्पा म्हणाले, "झाड पडलं ते दिसतं. पंचनामा तरी होतो. हे गेलं असतं तर दिसलंही नसतं."

टेप त्या कारखान्याच्या थंड खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली. बाहेरच्या उन्हातून आणलेली टेप लगेच थंड ड्राइव्हमध्ये घालू नये, खोलीच्या हवेला तिला रुळू द्यावं. मग लावली. टेपेवर काय कुठे आहे याची यादी मेलेल्या सर्व्हरवर होती, त्यामुळे टेप सुरुवातीपासून वाचून ती यादी नव्याने तयार करावी लागली. पण त्याच्याही आधी टेपवरचं जसंच्या तसं सगळं एका डिस्कवर उतरवून घेतलं. न जाणो, टेप पुन्हा वाचू देईल की नाही. एक्केचाळीस जीबी. एकही चूक न दाखवता आले.

डेटाबेस लॅपटॉपवर उघडला तेव्हा आप्पांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक घडी घातलेली काट्याची पावती. शनिवारी संध्याकाळी शेवटची गाडी गेली तिची. गावातल्या एका विधवा बाईची बाग, तिचा वर्षाचा एकमेव माल. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी नाव शोधलं. घड २१४. वजन ३८ क्विंटल ५२ किलो. आप्पांनी पावतीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मग पडद्यावरचा वाचला, मग पुन्हा पावतीवरचा. चष्मा काढून पुसला.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतो आपण," ते म्हणाले. "पण आडात असूनही पोहऱ्यात येत नाही, असंही होतं की."

हे मी तेव्हापासून अनेकांना सांगितलं आहे. दर शनिवारी 'बॅकअप झाला' अशी ओळ येते. ती वाचून आपण निश्चिंत होतो, पण पोहरा सोडून कोणी पाहिलेला नसतो. टेप जुनाट म्हणून तिला हसणारेही भेटतात. २०११ च्या फेब्रुवारीअखेर सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे हजारो लोकांच्या जीमेलच्या पेट्या रिकाम्या झाल्या. डिस्कवरच्या एकाहून अधिक प्रती त्या दोषाने एकदमच पुसल्या, आणि गूगलने ती पत्रं परत आणली ती टेपांवरून. टेप यंत्राला जोडलेली नसते, कपाटात पडून असते, म्हणून यंत्रातली चूक तिच्यापर्यंत पोचत नाही. तिचं बळ तेवढंच आहे आणि ते पुष्कळ आहे. मात्र ती एकच असून चालत नाही.

धुळ्याला शिकत असताना मी समर्थ वाग्देवता मंदिरात जायचो. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे बासनांत बांधलेली आहेत. एकच ग्रंथ वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या मठांत उतरवलेला. कुठल्यातरी मठात वाळवी लागली, कुठे छप्पर गळलं, पण मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात उरला. त्या नकला करणाऱ्यांना बॅकअप हा शब्द ठाऊक नव्हता. एक प्रत दुसऱ्या गावी असावी, एवढं ठाऊक होतं.

संस्थेत मी तीन गोष्टी करायला लावल्या. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या. पूर्ण बॅकअपच्या टेपा एकावरून वाढवून आठ, आजोबा-बाप-मुलगा अशा पाळीने, म्हणजे नव्या प्रतीबरोबर तिच्या आधीच्या आणि त्याहून जुन्या प्रतीही शाबूत राहतील अशा, आणि त्यातली एक कायम दुसऱ्या गावात. तिसरी गोष्ट कागदावर लिहायला सोपी आणि करायला सगळ्यांत कंटाळवाणी. महिन्यातून एकदा कोणतीही एक टेप घ्यायची आणि तिच्यावरून एक पट्टी परत काढायची.

ती तिसरी आप्पांनी स्वतःकडे घेतली. निवृत्त झाल्यावरही ते त्या दिवशी येतात. काउंटरवरचा तो पोरगा आता संस्थेचं सगळं संगणकाचं काम बघतो. आप्पा डोळे मिटून सभासदांच्या रजिस्टरवर बोट ठेवतात, जे नाव येईल त्याची पट्टी तो टेपवरून काढून छापतो. आप्पा ती जुन्या वहीतल्या नोंदीशी ताडतात. घड, वजन, भाव, उचल, बाकी. पाचही जुळले की लाल पेन्सिलीने बाजूला बरोबरची खूण करतात. मागच्या खेपेला मी तिथे होतो. खूण करून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, दाराकडे पाहून विचारलं, "चहा निवला का रे?" आणि पोराने हसत-हसत कप आत आणला.